सोल्डर बिटाला धरतच नाही? दोष बिटाचा की आणखी कशाचा, हे शोधायचा क्रम

गेल्या पावसाळ्यात एकाच घरची इंडक्शन शेगडी तीनदा माझ्या टेबलावर आली. तिन्ही वेळा खोड तीच: दहा-पंधरा मिनिटं चालायची आणि बंद पडायची. तिसऱ्या वेळी भिंगाखाली धरली, तेव्हा आयजीबीटीच्या (शेगडीतला वीज चालू-बंद करणारा तीन पायांचा भाग) मधल्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. सरळसरळ ड्राय सोल्डर, म्हणजे धातूला नीट न धरलेला सोल्डरचा डाग (जोड), आणि तो डाग मीच दिलेला. शेगडी नेताना त्या ताई एवढंच म्हणाल्या, "दादा, या वेळी नक्की ना?" त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

दोष हाताचा नव्हता, बिटाचा, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या टोकाचा होता. दहा बिटांचा एक स्वस्त पुडा मी घेतला होता. पुड्यावर जपानी कंपनीचं नाव छापलेलं, आत भलतंच. त्यानंतर ही एकच तक्रार मी इतक्यांची सोडवली आहे की आता निम्मं निदान फोनवरच होतं. पण खरं सांगायचं तर "बिट डुप्लिकेट निघाला" म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा बिट धड असतो, गडबड दुसरीकडे असते. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी करा. नवा बिट मागवायचा विचार त्यानंतर.

आमच्याकडे आयर्नच्या टोकाला बिट म्हणतात, तुमच्याकडे टिप म्हणत असतील. वस्तू एकच.

लक्षणं

सोल्डर वायर बिटाला टेकवली की वितळते, पण बिटावर पसरत नाही. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखी गोळी होते आणि ओघळून खाली पडते.

टोक काळं पडतं. पुसलं तर क्षणभर चमकतं, मिनिटाभरात पुन्हा काळं.

रेझिस्टरच्या बारीक पायावर डाग बसतो, पण जाड तारेवर किंवा अर्थच्या रुंद तांब्यावर बिट टेकवला की सोल्डर थिजतं आणि बिट तिथंच चिकटून बसतो.

तापमानाच्या डिस्प्लेवर ३५० अंश दिसतं, पण वायर वितळायला वेळ लागतो आणि डाग मळकट, दाणेदार येतो.

नव्या बिटाला आठ-पंधरा दिवसांत टोकाशी खड्डा पडतो. दुसरं काही नसून एवढंच लक्षण असेल, तर मधलं सगळं सोडून थेट सहाव्या तपासणीवर जा.

१. बिटाची कल्हई गेली आहे का?

आधी एक जुनी गोष्ट. मी ज्या रेडिओच्या दुकानात काम शिकलो, तिथल्या मामांकडे २५ वॅटचं साधं आयर्न होतं आणि त्यात नुसत्या तांब्याचा बिट. आठवड्यातून एकदा मामा तो कानशीनं घासून टोक काढायचे. पुढे माझ्याकडे तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन आलं, त्याचा बिट काळा पडला, मी मामांना विचारलं. "मार की कानस," म्हणाले. मारली. एका दुपारीत बिट संपला.

मामांचं त्यांच्या बिटापुरतं बरोबर होतं. पण हल्लीचा बिट नुसत्या तांब्याचा नसतो. आत तांब्याचा गाभा, त्यावर लोखंडाचा पातळ थर, मागच्या भागावर सोल्डर चढू नये म्हणून क्रोम, आणि टोकाला कथलाचा हात. हा लोखंडाचा थर शोभेसाठी दिलेला नाही. वितळलेल्या कथलात तांबं विरघळतं, गरम पाण्यात गूळ विरघळावा तसं. लोखंडही विरघळतं, पण फार सावकाश. म्हणजे तो थर हेच बिटाचं आयुष्य. कानस, पॉलिश पेपर, ब्लेड, भांड्यांची स्टीलची घासणी यातलं काहीही लावलं की आपण ते आयुष्यच खरवडून काढतो.

काळं दिसतं ते बहुतेक वेळा ऑक्साइड आणि जळकी राळ. ते काढायची रीत कल्हईवाल्याला विचारा. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी फिरवतो आणि कापसाच्या बोळ्यानं पुसतो. नवसागर मळ खातो, मग कथील पसरतं. आपल्यालाही नेमकं हेच करायचं आहे, फक्त नवसागराच्या जागी राळ. नवसागर इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर आणू नका. त्यातलं क्लोराइड बोर्डवर राहिलं तर तांबं हिरवं करून खातं.

स्टेशन २५०-२८० वर ठेवा. जास्त तापवलं तर पुसल्या-पुसल्या पुन्हा ऑक्साइड धरतो. बिट राळेत किंवा मळ काढणाऱ्या चांगल्या फ्लक्समध्ये बुडवा, लगेच भरपूर सोल्डर लावा आणि पितळी घासणीत दोन-तीनदा खुपसून काढा. असं पाच-सहा वेळा करा. टोकाचा एखादा कोपरा जरी चांदीसारखा उजळला तरी काम झालं म्हणायचं. तिथून कथील हळूहळू पुढं सरकतं. एवढ्यानं नाही जमलं तर टिप टिनरची छोटी डबी मिळते. त्यात कथलाची पूड आणि मळ खाणारं क्षाराचं मिश्रण असतं. गरम बिट क्षणभर त्यात घोळवायचा, घासणीत पुसायचा आणि वर ताजं सोल्डर चढवायचं. टिनरचा अंश राहिलेल्या बिटानं बोर्डवर डाग देऊ नका.

घासणी पितळेचीच हवी. स्पंज वापरत असाल तर तो सोल्डरिंगचा, पाण्यात फुगणारा. भांड्यांचा स्पंज प्लॅस्टिकचा असतो, वितळून बिटावर बसतो. स्पंज पिळून ओलसर ठेवा, पाणी निथळता कामा नये. बोअरचं जड पाणी असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, नाहीतर क्षाराचा पांढरा थर बिटावर चढतो.

काम संपल्यावर बिट पुसून चकचकीत ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा. स्टेशन बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा जाड गोळा चढवा आणि तसंच थंड होऊ द्या. सकाळी तापला की पुसायचा. रात्रभर हवा लागते ती त्या गोळ्याला, बिटाला लागत नाही.

२. सुईसारखा बिट आणि ४५० चा आकडा

हे दोन दोष जोडीनं येतात. स्टेशनबरोबर जो बिट येतो तो बहुधा सुईसारखा निमुळता. बारीक कामाला बारीक टोक, असं वाटतं. पण उष्णता जाते ती टेकलेल्या जागेतून, आणि सुईची टेकते किती? मग डाग बसत नाही म्हणून माणूस तापमानाची चकती ४०० वर नेतो, मग ४५० वर. तिथं राळ काम करण्याआधीच जळते, बिट काळा पडतो, काळ्या बिटातून उष्णता आणखीनच जात नाही. झालं दुष्टचक्र सुरू.

साधं ६०/४० सोल्डर (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) १८३ अंशांना वितळायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. ६३/३७ थेट १८३ लाच. म्हणजे ३२० ते ३५० पुष्कळ झालं. शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२७ च्या पट्ट्यात वितळतं, त्याला ३५०-३७० ठेवा. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर निर्बंध आले आणि त्यानंतर जगभरातल्या कारखान्यांतून येणारे बोर्ड बव्हंशी शिसेविरहित झाले. तुमच्या हातातला बोर्ड अलीकडचा असेल तर त्यावरचं जुनं सोल्डर लवकर हलत नाही ते यामुळे. अशा डागावर थोडं ६०/४० मिसळा, मऊ पडतं. पण एक ध्यानात असू द्या, शिसेविरहित सोल्डरमध्ये कथील जास्त आणि तापमानही जास्त, त्यामुळे ते बिटाचा लोखंडी थर लवकर खातं. त्याच्यासाठी वेगळा बिट राखून ठेवलेला बरा.

सुई काढा आणि चपटा बिट लावा, पेचकसाच्या टोकासारखा. २.४ मिलिमीटर रुंदीचा एकच चपटा बिट माझं बहुतेक काम करतो. शेगडी आणि इन्व्हर्टरच्या जाड पायांना ३.२. पुष्कळांची तक्रार इथेच मिटते.

३. वायर आणि पेस्ट

नकली फक्त बिटच असतो असं नाही. रिळावर ६०/४० छापलेलं असतं, आत काय आहे ते वितळल्यावर कळतं. वायरचं टोक लायटरवर धरा. गाभ्यात राळ असेल तर पिवळट थेंब बाहेर येतो, पांढरा धूर निघतो, राळेचा वास येतो. काहीच आलं नाही तर वायर नुसतीच धातूची आहे आणि तुम्ही बिटाला उगाच दोष देत आहात. दुसरी कसोटी: ओळखीच्या कुणाकडून खात्रीच्या वायरचा वीतभर तुकडा आणा. एकाच बिटावर, एकाच तापमानाला दोन्ही लावून बघा. खात्रीची पसरली आणि तुमची गोळी झाली, तर रीळ बदला आणि पुढचं वाचायची गरज नाही.

पेस्टचं थोडक्यात. पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाची आम्लाची पेस्ट इथे चालत नाही. ती डाग झक्क बसवते, पण बिट आणि बोर्ड दोन्ही खाते.

४. लाइटचा दाब

हे तापमान न दाखवणाऱ्या, थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या साध्या आयर्नवाल्यांसाठी. सोल्ड्रॉनसारखं २५ वॅटचं देशी आयर्न असेल तर ते पंचवीस वॅट फक्त २३० व्होल्टला मिळतात. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. संध्याकाळी दाब १८० वर आला की त्याच आयर्नचे जेमतेम १५ वॅट राहतात. दुपारी छान चालणारं आयर्न दिवेलागणीला "बिघडतं", ते याच कारणानं. मल्टिमीटर एसीवर लावून सॉकेट मोजा. ट्रान्सफॉर्मरच्या शेवटच्या टोकाला, गावाबाहेर दुकान असेल तर हे आधीच करा. कमी दाब दिसला तर बिट बदलून काही होणार नाही. ३५ वॅटचं आयर्न घ्या किंवा जाड कामं दुपारी उरका.

५. बिट नीट बसलाय का

इथून पुढं हात लावायच्या आधी प्लग काढा आणि आयर्न पूर्ण थंड होऊ द्या. गरम नट पकडीनं फिरवला की आतला हीटर गेलाच म्हणून समजा.

बाजारातल्या बहुतेक स्वस्त स्टेशनांचा मूळपुरुष एकच, हाक्को या जपानी कंपनीचं ९३६. मूळ कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं, पण त्याच्या नकला डझनभर नावांनी चालू आहेत. त्यात चिनीमातीचा काडीसारखा हीटर असतो आणि पोकळ बिट त्यावर टोपीसारखा बसतो. हीटरचं टोक बिटाच्या पोकळीच्या तळाला भिडलं पाहिजे. मध्ये फट राहिली तर हवा राहते, आणि हवा उष्णतेची वैरी. डिस्प्लेवर ३५० दिसतं ते हीटरजवळचं, बिटाच्या टोकाला त्यातलं बरंच पोचत नाही.

नट सोडवा, बिट काढा, उलटा करून टेबलावर हलकेच टिचकी मारा. काळी-तपकिरी भुकटी पडली तर पोकळीत गंज धरलाय. कापसाच्या काडीनं पुसून घ्या. मग बिट हीटरवर घालून बघा. सैल डुगडुगत असेल तर बिटाचं भोक मोठं. आत जाताना अडकत असेल तर जोर लावू नका. काही नकली स्टेशनांचा हीटर सुतभर जाड असतो आणि त्यावर अस्सल बिटसुद्धा जात नाही. जोर लावला की चिनीमाती मोडते. नट बोटांनी घट्ट, त्यावर पकडीचा जेमतेम पाव फेरा. बस्स.

फटीत तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळायचा जुगाड मीही केला आहे. चालतो, पण पुढं तोच चिकटून बसतो आणि बिट निघत नाही. एखादं काम अडलंय म्हणून करा, कायमचं नको.

६. बिट अस्सल की नकली

इथपर्यंत सगळं ठीक निघालं असेल तर आता संशय बिटावर.

आधी दोन गोष्टींत फरक करा. एखादा कारखाना स्वतःच्या नावानं, अमुक स्टेशनला चालेल असा बिट विकतो. तो स्वस्त असेल, मध्यम असेल, पण त्यात लबाडी नाही. त्यातले काही मी वर्षभर वापरलेत. दुसरा प्रकार म्हणजे हाक्को, वेलर, जेबीसी अशी दुसऱ्याची नावं छापून विकलेला माल. तिथं आत काय आहे याला कुणीच जबाबदार नाही. आणि पाकिटावर, होलोग्रामवर भरवसा ठेवू नका. ज्याला बिट धड करता येत नाही त्यालाही पाकीट झकास छापता येतं.

चुंबकानं सुरुवात करा. जुन्या स्पीकरमधला किंवा फ्रिजच्या दारावरचा छोटा चुंबक दोऱ्याला बांधून थंड बिटाजवळ न्या. अस्सल बिट चुंबकाला ओढतो, कारण वर लोखंडाचा थर आहे, पण ओढ बेताची. चुंबक खिळ्याला चिकटावा तसा खटकन बसला तर बिट आतबाहेर लोखंडाचाच असण्याची शक्यता दाट. अजिबात हलला नाही तर लोखंडाचा थरच नाही, वर नुसती चमक आहे. मात्र ओढ किती ते एकट्या बिटावर कळत नाही. शेजारी माहितीतला चांगला बिट ठेवून तुलना करा.

लोखंडाचा असला तर बिघडलं कुठं? तांब्याची उष्णता वाहायची क्षमता धरा ४००. पितळ ११०-१२०. लोखंड साधारण ८०. स्टेनलेस स्टील अवघं १५. हीटर कितीही तापला तरी टोकापर्यंत यायची वाटच अरुंद. म्हणून बारीक पायाला बिट पुरतो, आणि जाड तांब्याला टेकवला की टोक गार होतं, मागून उष्णता वेळेत येत नाही. माझ्या शेगडीचं हेच झालं होतं. आयजीबीटीचा पाय जाड, खाली रुंद तांबं. वरून सोल्डर वितळलं, डाग गोल दिसला, पण पाय स्वतः सोल्डर धरण्याइतका तापलाच नव्हता. दर वेळी शेगडी तापली-निवली आणि चीर मोठी झाली.

वजनाचंही एक आहे. एकाच आकाराच्या दोन बिटांत तांब्याचा बिट लोखंडी बिटापेक्षा साधारण सातव्या हिश्शानं जड भरतो. हाताला कळत नाही, सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर कळतं.

पक्का पुरावा हवा असेल तर त्या पुड्यातला एक बिट बळी द्या. मी दिला. वाइसमध्ये धरून हॅकसॉनं उभा चिरला. शेजारी एक जुना, कामातून गेलेला अस्सल बिट तसाच चिरला. अस्सल बिटात टोकापासून बुडापर्यंत लालभडक तांबं आणि कडेनं पेन्सिलीनं आखल्यासारखी राखाडी रेघ. पुड्यातला बिट आतून राखाडी, नुसता राखाडी. पुड्यातला आणखी एक चिरला तर त्यात तांबं होतं, पण कडेची रेघ भिंगातूनही धड दिसेना. एकाच पुड्यात दोन तऱ्हा! त्या दुसऱ्या तऱ्हेचा रोग वेगळा. त्याची उष्णता उत्तम वाहते, सुरुवातीला तुम्ही खूश होता. मग कुठंतरी टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडतं, सोल्डर आत शिरतं आणि तांबं आतून खायला लागतं. दाढ किडते ना, वरून बारीक ठिपका आणि आत पोकळ, अगदी तसं. टोकाला पडलेला खड्डा दिसतो तेव्हा आत बरंच गेलेलं असतं. या खड्ड्यावर इलाज नाही. सोल्डर भरून वापरू नका, कल्हई करू नका, फेकून द्या.

चिरायचं नसेल तर शर्यत लावा. भंगारातला एखादा जुना बोर्ड घ्या, त्यावर अर्थच्या रुंद तांब्याला बसवलेला जाड पाय शोधा. स्टेशन ३५०, तीच वायर, तोच हात. एक खात्रीचा बिट, एक संशयाचा, दोन्ही एकाच आकाराचे. कोणता किती मोजेपर्यंत सोल्डर हलवतो ते मनात मोजा. मी चार म्हणेपर्यंत अस्सल बिटानं सोल्डर पाणी केलं. पुड्यातल्या बिटाला बारापर्यंत मोजलं आणि मग सोडून दिलं.

टी-१२ जातीचे बिट वापरणाऱ्यांना एक जास्तीचा इशारा. त्यात हीटर आणि तापमान मोजणारा थर्मोकपल बिटाच्या नळीतच असतात, म्हणजे बिट बदलला की अर्धं आयर्न बदललं. नकली बिटात थर्मोकपल टोकापासून लांब बसवलेला असला की स्टेशन बिचारं इमानदारीत चुकीचं तापमान दाखवतं. इथे धातू तर नकली असतोच, आकडाही खोटा पडतो. खात्री करायला के-टाइप थर्मोकपल असलेला मल्टिमीटर घ्या, टोकावर सोल्डरचा थेंब करा आणि त्यात थर्मोकपलची गाठ बुडवा. दहा-वीस अंशांचा फरक सोडून द्या. पन्नासच्या वर गेला तर त्या बिटावर भरवसा नको.

आता पैशाचं. दहाच्या पुड्यात दहा आकार असतात, त्यातले दोन लागतात, आठ डब्यात पडून राहतात. एका अस्सल बिटाला त्या अख्ख्या पुड्यापेक्षा जास्त मोजावे लागतात, हे खरं. पण माझा २.४ चा अस्सल बिट रोजच्या कामात दीड वर्षं टिकला, आणि पुड्यातले तीन दीड महिन्यात गेले. त्या शेगडीच्या तीन फेऱ्यांचा हिशेब यात धरलेला नाही.

सगळंच महागाचं घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. माझं स्टेशन आजही कॉपीच आहे, वायर बदलून, अर्थ तपासून वापरतो, बरं चालतं. स्टँड, घासणी, सोल्डर ओढायचा पंप यातही फार गुंतवू नका. पैसे घाला ते दोन ठिकाणी, बिटात आणि सोल्डर वायरीत. डागाला स्पर्श त्या दोघांचाच होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ प्रत्यक्ष दुकानात गेलात तर सरळ विचारा, "ओरिजिनल दाखवा आणि कॉपीही दाखवा." दोन्ही ठेवणारा दुकानदार भाव सांगतानाच कोणता कोणता ते सांगतो. फक्त एकच ठेवून "हाच ओरिजिनल, पण स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून चहा पिऊन परत या.

७. मल्टिमीटरनं स्टेशन तपासणं

बिट चांगला, बसलाय नीट, वायर चांगली, तरी तापत नाही किंवा मनमानी तापतं, तर मीटर घ्या. प्लग काढलेला, आयर्न थंड, हँडलची वायर स्टेशनपासून सोडवलेली. ९३६ जातीच्या मूळ हीटरला पिनांच्या एका जोडीत २.५ ते ३.५ ओहम यायला हवेत, तो हीटर. दुसऱ्या जोडीत ४३ ते ५८ ओहम, तो सेन्सर. काही कॉपी स्टेशनांत सेन्सरच्या जागी थर्मोकपल असतो, तिथे काही ओहमच येतात. म्हणून हीटर बदलताना जुन्याच जातीचा घ्या, नाहीतर नवा हीटर लावताच एकतर तापणार नाही किंवा लाल होईपर्यंत थांबणार नाही. टी-१२ च्या बिटाला साधारण ८ ओहम येतात. मीटर धरून हँडलजवळची वायर वाकवून बघा. आकडा नाचला तर वायर आतून तुटली आहे, आणि हा सगळ्यात स्वस्त बिघाड.

मग हँडल पुन्हा जोडून बिटाच्या टोकापासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंत मोजा. २ ओहमच्या आत हवं. जास्त आलं तर आधी बिट आणि नळीमधला गंज पुसा, मग पुन्हा मोजा. अर्थ नसलेल्या बिटानं नाजूक मॉसफेट (एका जातीचे ट्रान्झिस्टर) मरतात आणि दोष पुन्हा तुमच्या हाताला लागतो.

८. इथे थांबा

बिटाला टेस्टर लावला आणि दिवा लागला, तर प्लग काढा आणि ते आयर्न कुणालाही हाताळू देऊ नका. गळती किरकोळ असेल किंवा जीवघेणी, टेस्टरच्या दिव्यावरून फरक कळत नाही.

सॉकेटमध्येच अर्थ नसेल तर ते वायरमनचं काम आहे. नळाला तार बांधून अर्थ करू नका.

स्टेशनचा फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, आतून जळका वास आला, किंवा चकती शून्यावर असतानाही बिट तापतच राहिला, तर झाकण उघडू नका. विशेषतः टी-१२ च्या छोट्या स्टेशनांत आत स्विचिंग सप्लाय असतो. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक राहू शकतो. ज्याला तो सुरक्षितपणे उतरवता येतो त्यानंच ते उघडावं.

आणि बोर्डवरचा पॅड, म्हणजे डाग बसतो ती तांब्याची टिकली, उचलला गेला असेल, किंवा लॅपटॉपसारख्या अनेक थरांच्या बोर्डवर सोल्डर हलतच नसेल, तर चांगला बिट आणूनही उपयोग नाही. त्याला खालून तापवणारा प्रीहीटर आणि हॉट एअर लागतं. ते असलेल्या माणसाकडे बोर्ड द्या. तुम्ही जितका वेळ दाबून धराल तितके पॅड जास्त उचलतील आणि त्याचं बिल वाढेल.

राळेच्या धुरानं छाती भरून येत असेल, दमा उठत असेल, तर पंखा धूर तोंडापासून लांब ओढेल असा लावा आणि डॉक्टरांना दाखवताना सोल्डरिंग करतो हे आवर्जून सांगा. शिशाची वायर हाताळलेल्या बोटांनी वडापाव खाऊ नका, आधी साबणानं हात धुवा.

स्टेशन दुरुस्तीला देताना बिट आणि हँडल सोबत द्या, नुसता डबा नेऊ नका. आणि बिटावर सोल्डरचा गोळा चढवूनच द्या. दुरुस्त करणाऱ्याच्या कपाटात ते किती दिवस पडून राहील याचा नेम नसतो.